परसबाग

परसबाग म्हणजे घराच्या मागील, पुढील किंवा बाजूच्या मोकळ्या जागेत कुटुंबाच्या रोजच्या वापरासाठी भाज्या, फळे, मसाल्याच्या व औषधी वनस्पती यांची केलेली लहान प्रमाणावरील लागवड होय. 'परस' किंवा 'परसू' म्हणजे घरामागील आवार. त्यावरून हा शब्द आला. शहरांत असे आवार उरले नसल्याने गच्ची, सज्जा आणि खिडकी यांमध्ये कुंड्यांत किंवा वाफ्यांत केलेल्या भाजीपाला लागवडीलाही आता परसबाग म्हटले जाते. परसबागेतील उत्पादन प्रामुख्याने विक्रीसाठी नसून ताज्या आहारासाठी असते. त्यामुळे एकाच पिकाचे भरघोस उत्पन्न काढण्यापेक्षा अनेक पिके थोडी थोडी आणि वर्षभर मिळत राहतील अशी तिची आखणी केली जाते. रासायनिक खते व कृत्रिम कीटकनाशके न वापरता केलेल्या परसबागेस सेंद्रिय परसबाग म्हणतात.

पार्श्वभूमी

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात घरालगत भाजीची चार आळी असणे ही जुनी प्रथा आहे. मोरीच्या पाण्यावर अळू व केळ, कुंपणावर घेवडा किंवा वाल, मांडवावर दोडका, पडवळ व दुधी, कोपऱ्यात शेवगा, कढीपत्ता व लिंबू अशी तिची रचना असे. कोकणात पावसाळ्यात मांडवावर आणि घराच्या छपरावर काकडी, पडवळ व भोपळ्याचे वेल चढवले जातात. गोव्यात लाल माठाला 'तांबडी भाजी' म्हणतात आणि घराभोवतीच्या लागवडीत तिला कायमचे स्थान आहे. गोव्यातीलच 'कुळागर' ही सुपारी, नारळ, केळी, मिरी अशा पिकांची मिश्र बाग असून ती आकाराने व उद्देशाने परसबागेहून मोठी असते.

परसबागेचा संबंध सणांशीही आहे. भाद्रपदातील ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमावर पिकवलेले धान्य व भाजी न खाण्याची प्रथा आहे. त्या दिवशी केल्या जाणाऱ्या 'ऋषीच्या भाजी'त अळू, भेंडी, पडवळ, दोडका, लाल भोपळा, माठ अशा हाताने लावलेल्या, म्हणजेच बहुधा परसातील, भाज्या असतात. संक्रांतीच्या आदल्या दिवशीच्या भोगीच्या भाजीत हिवाळी पिकांचा असाच मेळ असतो.

आज परसबागेत सर्रास दिसणाऱ्या अनेक भाज्या मूळच्या भारतीय नाहीत. मिरची, टोमॅटो, बटाटा आणि लाल भोपळा ही अमेरिका खंडातील पिके सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज व इतर युरोपीय व्यापाऱ्यांमार्फत भारतात आली. वांगी, काकडी आणि दोडका यांची लागवड मात्र भारतीय उपखंडात प्राचीन काळापासून होते.

सेंद्रिय पद्धतीचा विकास

सेंद्रिय लागवडीच्या आधुनिक विचारात भारतातील प्रयोगांना महत्त्वाचे स्थान आहे. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड हे १९०५ मध्ये भारतात आले. पुसा व नंतर इंदूर येथील कामातून त्यांनी वनस्पतिज कचरा व शेण यांच्या थरांपासून कंपोस्ट बनवण्याची 'इंदूर पद्धत' मांडली. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट' हा ग्रंथ सेंद्रिय शेतीच्या चळवळीत पायाभूत मानला जातो.

महाराष्ट्रात यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार टाक्यात कंपोस्ट तयार करण्याची पद्धत विकसित केली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'नाडेप' म्हणून ओळखली जाते. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवार' या नावाने शेतकऱ्यांचे स्वयंशिक्षणाचे जाळे उभे केले. सूर्यप्रकाश, पालापाचोळा आणि थोडे पाणी यांच्या काटेकोर वापरातून लहान जागेत कुटुंबाची गरज भागवता येते, हा विचार त्यांनी 'विपुलाच सृष्टी' या पुस्तकात मांडला. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी मातीचे प्रमाण अत्यल्प ठेवून रसवंतीतील उसाची चिपाडे व पालापाचोळा यांवर गच्चीत भाज्या व फळझाडे वाढवली. त्यांच्या कामामुळे 'शहरी शेती'ची कल्पना अनेकांपर्यंत पोहोचली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांच्या पुढाकाराने स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यावर उभी राहिलेली बाग हे याच परंपरेतील उदाहरण आहे.

अमरावती जिल्ह्यातील बेलोरा येथील सुभाष पाळेकर यांच्या नैसर्गिक शेतीतील 'जीवामृत' हे द्रावणही परसबागेत वापरले जाते. पाळेकर यांना २०१६ मध्ये पद्मश्री पुरस्कार मिळाला.

जागेची निवड

भाजीपाल्याच्या जागेसाठी सूर्यप्रकाश हा सर्वांत निर्णायक घटक आहे. टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी व वेलवर्गीय भाज्यांना दिवसातून किमान सहा तास थेट ऊन लागते. पालेभाज्या, कोथिंबीर व पुदिना तीन-चार तासांच्या उन्हावरही येतात. अळू, आले व हळद यांना विरळ सावली चालते. ज्या जागी दिवसभर सावली असते तेथे खत-पाणी वाढवूनही फळभाज्या येत नाहीत. रोपे उंच व लुसलुशीत वाढतात, पण फुले धरत नाहीत. उंच वाढणारी पिके व मांडव उत्तरेच्या बाजूस ठेवल्यास, विशेषतः हिवाळ्यात, इतर वाफ्यांवर त्यांची सावली कमी पडते.

कृषी विस्ताराच्या साहित्यात पाच माणसांच्या कुटुंबासाठी साधारणतः २०० चौ. मी., म्हणजे सुमारे दोन गुंठे, जागेची परसबाग सुचवली जाते. मात्र दहा चौ. मी. जागेतूनही कोथिंबीर, मेथी, पालक, मिरची अशा रोज लागणाऱ्या भाज्यांचा मोठा भाग मिळू शकतो. नवशिक्यांनी लहान जागेपासून सुरुवात करणे सोयीचे ठरते, कारण सोडून दिलेल्या बागेचे सर्वांत सामान्य कारण जागेची टंचाई हे नसून पाणी व खुरपणी यांचा न पेललेला व्याप हे असते.

माती आणि वाफे

महाराष्ट्राच्या पठारावरील काळी माती पाणी धरून ठेवते, पावसाळ्यात चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात भरपूर कंपोस्ट मिसळून गादीवाफे केल्यास पाण्याचा निचरा सुधारतो. कोकण व गोव्यातील जांभ्याची माती सच्छिद्र व आम्लधर्मी असून अतिवृष्टीमुळे तिच्यातील अन्नद्रव्ये वाहून जातात. तेथे सेंद्रिय खत एकदाच न देता हप्त्याहप्त्याने देणे उपयुक्त असते. लाकडाची राख अल्कधर्मी असून तिच्यातून पालाश मिळते. आम्लधर्मी मातीला ती मानवते, परंतु मुळातच अल्कधर्मी असलेल्या काळ्या मातीत तिचा वापर बेताने करावा लागतो.

वाफ्याची रुंदी सव्वा मीटरपेक्षा जास्त नसल्यास दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. पाय न पडल्याने माती भुसभुशीत राहते. महिला बचत गटांमार्फत अलीकडे वर्तुळाकार परसबागेचा प्रसार झाला आहे. तिच्यात मध्यभागाभोवती सात वाफे असतात व आठवड्याच्या प्रत्येक दिवशी एका वाफ्यातील भाजी काढावी, अशी कल्पना असते.

कुंडीतील लागवडीसाठी माती, कंपोस्ट आणि नारळाचा भुसा किंवा कुजलेला पालापाचोळा यांचे समभाग मिश्रण सर्वसाधारणपणे वापरतात. पालेभाज्यांना १५ ते २० सें.मी., मिरची, वांगी व टोमॅटो यांना सुमारे ३० सें.मी. आणि वेलांना ४० सें.मी. किंवा अधिक खोली लागते. तळाशी छिद्रे नसलेल्या भांड्यात पाणी साचून मुळे कुजतात.

गच्चीवरील भार

गच्चीवरील बागेत इमारतीची सुरक्षितता हा लागवडीआधीचा प्रश्न आहे. ओल्या मातीचे वजन दर घनमीटरला साधारण १.६ ते २ टन भरते. म्हणजे १५ सें.मी. जाडीचा ओल्या मातीचा सलग थर दर चौ. मी. ला सुमारे २४० ते ३०० किलो भार टाकतो. इमारतींवरील भारासंबंधीच्या भारतीय मानकानुसार (आयएस ८७५, भाग २) ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी धरला जाणारा चल भार दर चौ. मी. ला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो असतो. ये-जा नसलेल्या छतासाठी तो याच्या निम्मा धरतात. त्यामुळे गच्चीभर मातीचा थर पसरणे धोक्याचे ठरू शकते. पालापाचोळा, चिपाडे, नारळाचा भुसा अशी हलकी माध्यमे वापरणे, कुंड्या तुळई व खांबांच्या रेषेवर ठेवणे आणि मोठी बाग करण्यापूर्वी संरचना अभियंत्याचा सल्ला घेणे हे त्यावरील उपाय आहेत. गळती टाळण्यासाठी जलरोधक थर सुस्थितीत असावा, कुंड्या विटांवर किंवा स्टँडवर उचलून ठेवाव्यात आणि मुळे खोल जाणारी वड, पिंपळ वर्गातील उगवण लगेच काढावी. सहकारी गृहनिर्माण संस्थेत गच्ची सामाईक असल्याने संस्थेची परवानगी लागते.

हंगाम आणि पिके

महाराष्ट्रातील हवामानानुसार परसबागेतील पिकांचे तीन हंगाम पडतात.

पावसाळी (जून-जुलै लागवड) : भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, घोसाळे, कारले, दुधी, पडवळ, वांगी, मिरची, अळू, माठ, अंबाडी.

हिवाळी (सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर लागवड) : पालक, मेथी, कोथिंबीर, शेपू, चाकवत, मुळा, गाजर, बीट, कोबी, फुलकोबी, नवलकोल, वाटाणा, पावटा, घेवडा, टोमॅटो, कांदा, लसूण.

उन्हाळी (जानेवारी-फेब्रुवारी लागवड) : काकडी, भेंडी, गवार, चवळी, दुधी, कारले, माठ, राजगिरा, मयाळू.

शेवगा, कढीपत्ता, लिंबू, पपई, गवती चहा, ओवा व हळद ही बहुवर्षायू किंवा दीर्घ मुदतीची पिके एका कडेला लावली जातात, म्हणजे वार्षिक पिकांच्या मशागतीत त्यांची मुळे दुखावत नाहीत.

मेथी २५ ते ३० दिवसांत, पालक ३० ते ३५ दिवसांत आणि कोथिंबीर ४० ते ४५ दिवसांत काढणीस येते. भेंडीची पहिली तोडणी पेरणीनंतर ४५ ते ५० दिवसांनी, तर टोमॅटो व वांगी यांची पहिली तोडणी पुनर्लागवडीनंतर सुमारे दोन ते अडीच महिन्यांनी होते. एकाच दिवशी सर्व मेथी पेरल्यास ती एकाच आठवड्यात काढावी लागते. म्हणून पालेभाज्यांचे बी दर आठ-दहा दिवसांनी थोडे थोडे पेरण्याची पद्धत आहे.

एकाच कुळातील पिके त्याच वाफ्यात पुन्हा पुन्हा घेतल्यास मातीतील रोग व सूत्रकृमी वाढतात. टोमॅटो, वांगी, मिरची व बटाटा ही एकाच कुळातील आहेत. त्यांच्यानंतर चवळी, घेवडा, वाटाणा अशी शेंगवर्गीय पिके घ्यावीत. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात.

बियाणे

सुधारित सरळ वाणांचे बी पुढील हंगामासाठी राखून ठेवता येते. संकरित वाणाच्या फळातील बी पेरल्यास पुढील पिढीत मूळ वाणाचे गुण एकसारखे उतरत नाहीत. महाराष्ट्रातील कृषी विद्यापीठांनी प्रसारित केलेल्या वाणांमध्ये भेंडीचा 'परभणी क्रांती', दुधीचा 'सम्राट', काकडीचे 'हिमांगी' व 'फुले शुभांगी', टोमॅटोचे 'धनश्री' व 'भाग्यश्री' आणि शेवग्याचा 'कोकण रुचिरा' हे परसबागेत लावता येण्याजोगे आहेत.

बी साधारणतः त्याच्या जाडीच्या दुप्पट ते तिप्पट खोलीवर पेरतात. धने पेरण्यापूर्वी हलके रगडून दोन भागांत फोडतात. कारल्याचे कवच कठीण असल्याने बी रात्रभर किंवा दिवसभर भिजवतात. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी यांची रोपे आधी तयार करून चार ते सहा आठवड्यांनी सायंकाळच्या वेळी पुनर्लागवड करतात.

बी राखताना परागीभवनाची पद्धत लक्षात घ्यावी लागते. टोमॅटो, वाल, घेवडा, चवळी व मेथी यांत प्रामुख्याने स्वपरागीभवन होते, म्हणून त्यांचे बी घरच्या घरी शुद्ध राहते. काकडीवर्गीय पिके, मुळा, कोबी व पालक यांत परपरागीभवन होते आणि जवळच्या दुसऱ्या वाणाशी संकर होऊ शकतो. ग्रामीण घरांत राखेत मिसळून मडक्यात किंवा चुलीच्या धुरात टांगून बी टिकवण्याची पद्धत होती. कोरडेपणा आणि कीड रोखणे हा तिचा उद्देश असतो. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी घराभोवतीच्या लागवडीतून वाल, घेवडा व इतर पिकांचे स्थानिक वाण जपले आणि बियाणे बँक उभारली. त्यांना २०२० मध्ये पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.

खत व्यवस्थापन

सेंद्रिय परसबागेचा आधार म्हणजे कंपोस्ट. भाजीची देठे, साली, पालापाचोळा व शेण यांपासून ते तयार होते. कार्बन व नत्र यांचे प्रमाण २५ ते ३० : १ च्या आसपास असल्यास कुजण्याची क्रिया वेगाने होते. ओल्या कचऱ्यात नत्र अधिक आणि वाळलेल्या पानांत कार्बन अधिक असतो. म्हणून ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर वाळलेला पाला घालावा. कंपोस्टला दुर्गंधी येणे हे बहुधा हवा व सुका पाला कमी पडल्याचे लक्षण असते. तयार कंपोस्ट गडद रंगाचे, भुसभुशीत व मातीच्या वासाचे असते. अर्धवट कुजलेले खत घातल्यास ते कुजताना मातीतील नत्र ओढून घेते व रोपे पिवळी पडतात. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार घरातील ओला व सुका कचरा वेगळा करणे बंधनकारक आहे. वेगळा केलेला ओला कचरा घरीच जिरवण्याचा परसबाग हा एक मार्ग ठरतो.

पूरक म्हणून पुढील खते वापरली जातात :

गांडूळ खत : 'आयसेनिया फेटिडा' जातीच्या गांडुळांकडून कुजलेल्या कचऱ्याचे बनते. लिंबूवर्गीय साली, तिखट-मीठ व तेलकट अन्न गांडुळांना मानवत नाही.

जीवामृत : २० लिटर पाण्यात सुमारे १ किलो शेण, अर्धा ते १ लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन व मूठभर माती मिसळून ते सावलीत दोन दिवस आंबवतात व मातीत देतात.

निंबोळी व शेंगदाणा पेंड : हळूहळू नत्र पुरवतात. निंबोळी पेंड मातीतील काही किडी व सूत्रकृमींनाही आळा घालते.

जीवामृतासारख्या द्रावणांतील अन्नद्रव्यांचे प्रत्यक्ष प्रमाण कमी असते. ती कंपोस्टला पर्याय नसून पूरक असतात.

पाणी आणि आच्छादन

एक चौ. मी. जागेला एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात भाज्यांची दैनिक गरज ४ ते ५ मि.मी. धरल्यास दहा चौ. मी. च्या बागेस दररोज ४० ते ५० लिटर आणि दोन गुंठ्यांच्या बागेस ८०० ते १,००० लिटर पाणी लागते. मराठवाडा व विदर्भाच्या टंचाईग्रस्त भागांत म्हणूनच उन्हाळी क्षेत्र कमी करून पावसाळी व हिवाळी पिकांवर भर देणे व्यवहार्य ठरते. मातीवर पाच ते आठ सें.मी. जाडीचे पाल्याचे आच्छादन बाष्पीभवन व तण दोन्ही कमी करते. ठिबक नळी किंवा मातीत पुरलेले सच्छिद्र मडके यांमुळे पाणी थेट मुळांजवळ जाते. वरचा थर सुकलेला दिसला तरी बोटभर खोलीवर ओल असल्यास पाणी देण्याची गरज नसते. घरगुती बागांत रोपे सुकण्याइतकीच अतिपाण्याने मरतात.

मोरीचे सांडपाणी वापरण्याची जुनी प्रथा राख-मातीने भांडी घासण्याच्या काळातील आहे. आजच्या सांडपाण्यात अपमार्जके व क्षार असतात. ते केळ, शोभेची झाडे किंवा अन्य फळझाडांस वापरता येते. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांवर ते वापरू नये. कुंडीखालील ताटलीत साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो, म्हणून ताटल्या आठवड्यातून किमान एकदा रिकाम्या करून घासून कोरड्या कराव्या लागतात.

परागीभवन आणि फळधारणा

काकडीवर्गीय वेलांवर नर व मादी फुले वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या देठाशी लहान फळाचा आकार दिसतो. सुरुवातीला केवळ नर फुले येऊन गळतात. तो दोष नसतो. उंच इमारतींवर मधमाश्या कमी येत असल्यास कोवळी फळे पिवळी पडून गळतात. अशा वेळी नर फुलाचे परागकण मादी फुलाच्या कुक्षीवर हाताने लावतात. लाल भोपळा व काकडी यांची फुले सकाळी, तर दुधी व दोडका यांची फुले संध्याकाळी उमलतात, त्यानुसार वेळ निवडावी लागते. झेंडू, तुळस व बडीशेप यांच्या फुलांकडे परागवाहक कीटक आकर्षित होतात.

कीड व रोग

परसबागेतील नेहमीच्या किडी म्हणजे मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, नागअळी, वांग्यावरील शेंडा व फळ पोखरणारी अळी आणि वेलवर्गीय भाज्यांवरील फळमाशी. रोगांमध्ये भुरी, करपा, मर, रोपे कोलमडणे आणि भेंडीवरील केवडा हे प्रमुख आहेत. केवडा हा विषाणुजन्य रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो. रोगट झाडाला औषध नसते. ते उपटून टाकावे लागते.

सेंद्रिय पद्धतीत फवारणी हा शेवटचा उपाय असतो. रोज पाहणी करून अळ्या व अंडीपुंज हाताने वेचणे, पोखरलेले शेंडे काढून नष्ट करणे, माव्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारणे, पिवळे चिकट सापळे व फळमाशीचे गंध सापळे लावणे आणि दाट लागवड टाळणे यांनी बराचसा प्रश्न सुटतो. ढालकिडे व त्यांच्या अळ्या मावा खातात. अनोळखी म्हणून त्या मारल्या जाऊ नयेत. फवारणीसाठी पाच टक्के निंबोळी अर्क प्रचलित आहे. त्यासाठी प्रतिलिटर ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून गाळतात व थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारतात.

'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी असे नाही. तंबाखूच्या अर्कातील निकोटीन माणसासाठीही तीव्र विष आहे. दशपर्णी अर्कात कण्हेर, रुई, सीताफळ यांसारख्या विषारी वनस्पतींची पाने वापरली जातात. असे अर्क काढणीस आलेल्या पालेभाज्यांवर फवारू नयेत, मुलांच्या हाती लागतील असे ठेवू नयेत आणि बनवताना हातमोजे वापरावेत.

ताजेपणा आणि पोषण

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ व्यक्तीने दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाण्याची शिफारस करते. यात बटाट्यासारखे कंद धरलेले नाहीत. पालेभाज्यांतील क जीवनसत्त्व काढणीनंतर, विशेषतः उष्ण हवेत, झपाट्याने घटते. वाटाणा व मक्याच्या दाण्यांतील साखरेचे पिठूळ पदार्थांत रूपांतर होऊ लागल्याने त्यांची गोडी काही तासांतच कमी होते. काढणी व स्वयंपाक यांतील अंतर जवळजवळ नाहीसे करणे हा परसबागेचा मुख्य पोषणविषयक लाभ आहे. पालेभाज्या सकाळी, ऊन तापण्यापूर्वी काढल्यास अधिक काळ टवटवीत राहतात. भेंडी, गवार व काकडी कोवळी असताना एक-दोन दिवसांआड तोडल्यास नवी फळे धरत राहतात. शेवग्याची पाने, अंबाडी, चाकवत, मयाळू अशा बाजारात क्वचितच मिळणाऱ्या भाज्याही परसबागेमुळे आहारात टिकून राहतात.

अन्नसुरक्षा

घरी पिकवलेली भाजी आपोआप सुरक्षित ठरत नाही. ताज्या शेणात व कच्च्या खतात रोगकारक जिवाणू व कृमींची अंडी असू शकतात. अमेरिकेच्या सेंद्रिय मानकांत, मातीच्या संपर्कात येणाऱ्या पिकासाठी कच्चे शेणखत काढणीच्या किमान १२० दिवस आधी आणि इतर पिकांसाठी ९० दिवस आधी मातीत मिसळण्याचा दंडक आहे. पूर्ण कुजलेले खत वापरणे, शेण-गोमूत्राची द्रावणे पानांवर न फवारता मातीत देणे आणि कोथिंबीर, मुळा, काकडी यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्या वाहत्या पाण्याने नीट धुणे हे आवश्यक आहे. रहदारीच्या रस्त्यालगतच्या, जुन्या कारखान्यांच्या किंवा पाडकामाच्या जागेतील मातीत शिशासारखे जड धातू असू शकतात. तेथे बाहेरून आणलेल्या मातीचे उंच वाफे करणे श्रेयस्कर असते.

दुधी, काकडी व दोडका यांमध्ये कधीकधी 'कुकुरबिटासिन' या कडू विषारी द्रव्याचे प्रमाण वाढते. जंगली वाणाशी संकर झालेले घरचे बी हे त्याचे एक कारण असते. चव कडू लागल्यास असा दुधी किंवा त्याचा रस सेवन न करता टाकून द्यावा. शिजवल्याने हे द्रव्य नष्ट होत नाही. भारतात कडू दुधीच्या रसामुळे मृत्यू झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. कारल्याचा नैसर्गिक कडूपणा मात्र वेगळ्या द्रव्यांमुळे असतो व तो खाण्यायोग्य आहे.

शासकीय व सामाजिक उपक्रम

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये व अमेरिकेत घरोघरी भाजीपाला लावण्याच्या मोहिमा झाल्या; भारतातही त्याच दशकात 'अधिक धान्य पिकवा' मोहीम राबवली गेली. अलीकडच्या काळात पोषण अभियानांतर्गत अंगणवाड्यांमध्ये 'पोषण वाटिका' विकसित करण्यावर भर दिला जातो. शालेय पोषण आहारासाठी शाळांच्या आवारात परसबागा करण्याच्या मार्गदर्शक सूचना केंद्र शासनाने २०१९ मध्ये दिल्या. महाराष्ट्रात 'उमेद' अभियानामार्फत स्वयंसाहाय्यता गटांतील महिलांनी पोषण परसबागा उभारल्या आहेत.

मर्यादा

परसबागेतून कुटुंबाची भाज्यांची गरज अंशतः भागते. तृणधान्ये, डाळी, तेल व बहुतांश कांदा-बटाटा बाजारातूनच घ्यावा लागतो. विकतच्या कुंड्या, माती व खते यांवर उभारलेल्या शहरी बागेत पहिल्या वर्षी भाजीचा खर्च बाजारभावापेक्षा जास्त पडू शकतो. घरगुती कचऱ्याचे खत, राखलेले बी आणि टाकाऊ डबे, गोण्या यांच्या वापराने तो पुढे कमी होतो. विकत आणलेल्या मातीत, शेणखतात किंवा पेंढ्यात आधीच्या रसायनांचे अवशेष असू शकतात. त्यामुळे 'सेंद्रिय' या शब्दाचा काटेकोर अर्थ घरगुती बागेत नेहमीच साधतो असे नाही. प्रमाणीकरणाची अट विक्रीच्या मालाशी निगडित असून स्वतःच्या वापरासाठीच्या लागवडीस ती लागू होत नाही.

श्रमाची विभागणी हाही चर्चेचा विषय आहे. पाणी घालणे, खुरपणी व बी राखणे ही कामे परंपरेने स्त्रियांकडे राहिली आहेत, आणि पोषणासाठी परसबागेचा आग्रह धरताना पाणी दुरून आणावे लागणाऱ्या घरांत त्यांच्या कामात भर पडते. भूमिहीन व झोपडवस्तीतील कुटुंबांना जागा आणि पाणी दोन्ही नसल्याने त्यांच्यासाठी शाळा, अंगणवाडी किंवा सार्वजनिक जागेवरील सामूहिक परसबाग हा पर्याय सुचवला जातो.